दाभोळ वीज प्रकल्प : मंजुरीची प्रक्रिया आणि स्थानिक परिणाम (१९९२ ते २००५) – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

नाशिक रोड परिसरातील रहिवाशांना वीज केंद्राचे शेजारपण नवे नाही. एकलहरे येथील औष्णिक वीज केंद्राचे पहिले दोन संच १९७० च्या दशकाच्या आरंभी आणि प्रत्येकी २१० मेगावॉटचे पुढील तीन संच १९७९ ते १९८१ या काळात सुरू झाले. कोळशाची राख व धूर यांचा त्रास या परिसराने सोसला आहे. असे असूनही पहिले दोन संच कालबाह्य होऊन बंद झाल्यानंतर येथील लोकांनी जी मागणी लावून धरली ती केंद्र हलविण्याची नव्हती. प्रस्तावित ६६० मेगावॉटचा बदली संच एकलहरे येथेच उभारावा, अशी होती. याउलट रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यात जो वीज प्रकल्प नैसर्गिक वायूवर चालणार होता, ज्याच्या जळणाची राख मागे उरणार नव्हती, त्याला वेलदूर, अंजनवेल, रानवी या गावांनी अनेक वर्षे विरोध केला. या दोन अनुभवांतील अंतर केवळ इंधनाच्या प्रकारावरून उलगडत नाही. प्रकल्पाला मंजुरी कोणी, कोणत्या क्रमाने आणि कोणाला विचारून दिली, या प्रश्नाकडे त्यासाठी वळावे लागते. प्रस्तुत निबंधात दाभोळ वीज प्रकल्पाच्या संदर्भात याच प्रश्नाचा विचार केला आहे.

अभ्यासाची व्याप्ती

१९९२ मधील सामंजस्य करारापासून २००५ मध्ये प्रकल्पाची मालकी सार्वजनिक क्षेत्राकडे येईपर्यंतचा काळ येथे मुख्यत्वे विचारात घेतला आहे. शासकीय समित्यांचे अहवाल, न्यायालयीन निर्णय, मानवी हक्क संघटनांचे अहवाल आणि पुण्याची ‘प्रयास’ ही संस्था, अभय मेहता यांच्यासारखे अभ्यासक यांनी प्रसिद्ध केलेली माहिती यांच्या आधारे वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीने मांडणी केली आहे. एन्रॉन कंपनीचे आर्थिक गैरव्यवहार हा स्वतंत्र विषय असल्याने त्याचा परामर्श घेतलेला नाही.

पार्श्वभूमी : १९९१ चे वीज धोरण

स्वातंत्र्यानंतर वीजनिर्मितीची जबाबदारी १९४८ च्या वीज (पुरवठा) कायद्यान्वये प्रामुख्याने राज्य विद्युत मंडळांकडे आली. एकलहरे हे त्याच व्यवस्थेचे अपत्य होय. १९९१ मध्ये परकीय चलनाचे संकट उद्भवल्यावर केंद्र सरकारने या कायद्यात दुरुस्ती करून खासगी व परदेशी कंपन्यांना वीजनिर्मितीची दारे खुली केली. शंभर टक्के परदेशी मालकीस परवानगी देण्यात आली आणि भांडवलावर १६ टक्के परताव्याची तरतूद करण्यात आली. ज्या प्रकल्पांना ‘जलदगती’ म्हणून अग्रक्रम मिळाला, त्यांत दाभोळ हा सर्वांत मोठा होता.

प्रकल्पाच्या नावाविषयी येथे एक खुलासा आवश्यक आहे. मध्ययुगीन व्यापारासाठी प्रसिद्ध असलेले दाभोळ बंदर वाशिष्ठी खाडीच्या उत्तर तीरावर, दापोली तालुक्यात आहे. वीज प्रकल्प मात्र खाडीच्या दक्षिणेस, गुहागर तालुक्यातील अंजनवेलच्या गोपाळगडाजवळच्या पठारावर उभा राहिला. ज्या गावांची जमीन गेली त्यांचे नाव प्रकल्पाला मिळाले नाही. मंजुरीच्या कागदपत्रांतही या गावांना फारसे स्थान नव्हते, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

मंजुरीची साखळी : १९९२ ते १९९४

जून १९९२ मध्ये एन्रॉनचे प्रतिनिधी महाराष्ट्रात आले आणि अवघ्या काही दिवसांत, २० जून १९९२ रोजी, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाबरोबर सामंजस्य करार झाला. सुमारे दोन हजार मेगावॉट क्षमतेच्या या प्रकल्पासाठी स्पर्धात्मक निविदा मागविण्यात आल्या नाहीत. प्रकल्पासाठी स्थापन झालेल्या दाभोळ पॉवर कंपनीत सुरुवातीस एन्रॉनचा ८० टक्के, तर जनरल इलेक्ट्रिक व बेक्टेल यांचा प्रत्येकी १० टक्के वाटा होता.

प्रकल्पाच्या अर्थसाहाय्याबाबत केंद्र सरकारने जागतिक बँकेचे मत मागविले. एप्रिल १९९३ मध्ये बँकेने हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य नसल्याचे कळविले. बँकेचा आक्षेप नेमका होता. आयात केलेल्या द्रवरूप नैसर्गिक वायूवरील (एलएनजी) वीज महाग पडेल. इतकी मोठी क्षमता एकदम आल्यास ती मागणीच्या मानाने जास्त ठरेल. आणि ती अहोरात्र विकत घ्यावी लागल्याने मंडळाच्या कोळशावरील स्वस्त केंद्रांची निर्मिती कमी करावी लागेल. हा इशारा दप्तरी दाखल झाला, तरी प्रक्रिया थांबली नाही.

नोव्हेंबर १९९३ मध्ये केंद्रीय वीज प्राधिकरणाने तात्पुरती तांत्रिक-आर्थिक मंजुरी दिली. ही मंजुरी देताना विजेच्या दराची कसून तपासणी झाली नाही, तो प्रश्न केंद्रीय अर्थ खात्याच्या पातळीवर पाहिला गेल्याचे गृहीत धरण्यात आले, असे अभ्यासकांनी निदर्शनास आणले आहे. त्यानंतर ८ डिसेंबर १९९३ रोजी मंडळ व कंपनी यांच्यात वीज खरेदी करार झाला. पहिला टप्पा ६९५ मेगावॉटचा आणि दोन्ही टप्पे मिळून क्षमता २०१५ मेगावॉट होती. २० वर्षांच्या या करारात दर डॉलरशी निगडित होता आणि मंडळाने वीज उचलली वा न उचलली, तरी क्षमता उपलब्ध ठेवल्याबद्दलचा आकार देणे बंधनकारक होते. १९९४ मध्ये राज्य सरकारने या देण्यांना हमी दिली व केंद्र सरकारने प्रतिहमी दिली.

या क्रमाकडे बारकाईने पाहिल्यास एक गोष्ट लक्षात येते. प्रत्येक यंत्रणेने आपली संमती दुसऱ्या यंत्रणेच्या संमतीवर टेकवली. प्राधिकरणाने दराचा प्रश्न अर्थ खात्यावर सोडला. राज्याने प्राधिकरणाच्या मंजुरीचा आधार घेतला. केंद्राची प्रतिहमी राज्याच्या हमीवर उभी राहिली. संपूर्ण प्रकल्पाची गरज, किंमत व परिणाम यांचा एकत्रित विचार करण्याचे दायित्व कोणत्याही एका ठिकाणी उरले नाही.

स्थानिक लोकांना या साखळीत स्थान किती होते? १९४८ च्या कायद्याच्या कलम २९ नुसार मोठ्या वीज योजनेची माहिती राजपत्रात व वृत्तपत्रांत प्रसिद्ध करून आक्षेपांसाठी किमान दोन महिन्यांची मुदत देणे आवश्यक होते. परंतु सूचना प्रसिद्ध करणे आणि प्रकल्पग्रस्तांसमोर प्रकल्प मांडणे यांत मोठे अंतर आहे. पर्यावरणीय परिणामांचे मूल्यांकन बंधनकारक करणारी केंद्र सरकारची अधिसूचना २७ जानेवारी १९९४ रोजी, म्हणजे वीज खरेदी करारानंतर सात आठवड्यांनी निघाली. जनसुनावणीची सक्तीची कार्यपद्धती तर एप्रिल १९९७ मध्ये अस्तित्वात आली. तोवर प्रकल्पाचे बांधकाम वेगाने चालू होते. तात्पर्य, गावांचे म्हणणे ऐकून घेण्याची व्यवस्था देशात आकाराला येण्यापूर्वीच या गावांच्या भवितव्याचा करार होऊन गेला होता.

रद्द करणे व पुन्हा स्वीकारणे : १९९५ ते १९९६

मार्च १९९५ मध्ये राज्यात शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले. निवडणूक प्रचारात एन्रॉन हा कळीचा मुद्दा होता. गोपीनाथ मुंडे यांच्या अध्यक्षतेखालील मंत्रिमंडळ उपसमितीच्या अहवालानंतर मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी ३ ऑगस्ट १९९५ रोजी प्रकल्प रद्द केल्याची घोषणा केली. स्पर्धात्मक निविदांचा अभाव, अवाजवी खर्च व दर, तसेच पर्यावरणाविषयीच्या शंका ही कारणे त्यामागे होती. मात्र काही महिन्यांतच पुनर्वाटाघाटी झाल्या आणि १९९६ च्या प्रारंभी सुधारित करारास मान्यता मिळाली. पहिला टप्पा ७४० मेगावॉट व दुसरा १४४४ मेगावॉट, अशी एकूण क्षमता २१८४ मेगावॉट झाली. पूर्वी ऐच्छिक असलेला दुसरा टप्पा आता बंधनकारक ठरला. मे १९९६ मध्ये केंद्रातील अवघ्या तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारने प्रतिहमीस मान्यता दिली. ‘सिटू’ ही कामगार संघटना व अभय मेहता यांची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये फेटाळली. तथापि निकालपत्रात राज्य सरकारच्या बदलत्या भूमिकेवर टीका करण्यात आली.

एका सरकारने केलेला करार दुसऱ्याने रद्द करून पुन्हा मोठ्या स्वरूपात स्वीकारला. या काळात गुहागरच्या गावांच्या दृष्टीने एकच बदल झाला. निवडणुकीपूर्वी त्यांची बाजू घेणारे पक्षही आता प्रकल्पाच्या बाजूला गेले, आणि दाद मागण्याची जागा केवळ रस्त्यावर उरली.

स्थानिक परिणाम

प्रकल्पाचे स्थानिक परिणाम तीन पातळ्यांवर पाहता येतात.

पहिली पातळी जमिनीची. कोकणातील जमीनधारणा तुकड्यातुकड्यांची आणि सामाईक आहे. सातबाऱ्यावर अनेक नावे, त्यांतील निम्मी मुंबईला चाकरीस गेलेली, असे चित्र सर्रास आढळते. सरकारी मूल्यांकनात ‘वरकस’ ठरणारा कातळ गावकऱ्यांच्या लेखी गुरांचा चारा, पावसाळी नाचणी-वरी आणि आंबा-काजूच्या नव्या लागवडीची आशा असतो. सक्तीने झालेल्या भूसंपादनात या वापराची दखल मोबदल्याच्या हिशेबात पुरेशी उतरली नाही. अनेक खातेदारांनी मोबदला स्वीकारण्यास नकार दिला, तो केवळ रकमेसाठी नव्हे. तो स्वीकारणे म्हणजे न विचारता झालेल्या निर्णयाला संमती देणे, अशी त्यांची भावना होती.

दुसरी पातळी खाडीची. वायूवरील केंद्रातून राख पडत नसली, तरी यंत्रे थंड करून बाहेर पडणारे कोमट पाणी, जेटीसाठी होणारा गाळउपसा आणि जहाजांची ये-जा यांचा मासेमारीवर परिणाम होणार, अशी वेलदूरच्या मच्छीमारांची धास्ती होती. ही भीती अज्ञानातून आलेली नव्हती. लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीतील रासायनिक सांडपाण्याने याच खाडीचे काय केले, हे खाडीकाठच्या मच्छीमारांनी पूर्वीच अनुभवले होते. शिवाय ज्या ‘स्वच्छ’ वायूच्या नावावर प्रकल्प मंजूर झाला, तो वायू एन्रॉनच्या काळात येथे पोहोचलाच नाही. एलएनजी टर्मिनल अपुरे राहिले आणि पहिला टप्पा नाफ्थ्यावर चालला.

तिसरी पातळी नागरी हक्कांची. डिसेंबर १९९६ मध्ये बांधकाम पुन्हा सुरू झाल्यावर आंदोलन तीव्र झाले. मृणाल गोरे, मेधा पाटकर, माजी न्यायमूर्ती बी. जी. कोळसे पाटील आदींनी त्याला साथ दिली. जमावबंदीचे आदेश, तडीपारीच्या नोटिसा, सामूहिक अटका आणि राज्य राखीव पोलीस दलाचा तळ या गोष्टी गुहागरच्या दैनंदिन जीवनाचा भाग बनल्या. ३ जून १९९७ रोजी पहाटे पोलिसांनी वेलदूरच्या मच्छीमार वस्तीत शिरून महिलांना मारहाण व अटक केल्याची नोंद मानवी हक्क संघटनांनी केली आहे. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने १९९७ मध्ये आणि ह्यूमन राइट्स वॉचने जानेवारी १९९९ मध्ये यासंबंधी अहवाल प्रसिद्ध केले. प्रकल्पस्थळी तैनात पोलिसांचा खर्च कंपनीकडून भागविला जात असल्याकडे दुसऱ्या अहवालाने लक्ष वेधले. मंजुरीच्या वेळी जो संवाद टाळला गेला, त्याची जागा बंदोबस्ताने घेतली.

परिणामांचा विस्तार : गुहागर ते एकलहरे

मे १९९९ मध्ये पहिला टप्पा कार्यान्वित झाला. जागतिक तेलदरातील वाढ व रुपयाचे अवमूल्यन यांमुळे विजेचा दर भडकला. २००० च्या उत्तरार्धात काही महिने तो प्रतियुनिट सात रुपयांच्या वर गेला. कराराने बांधले गेल्याने मंडळाला आपल्या कोळशावरील केंद्रांची स्वस्त निर्मिती कमी करून ही महाग वीज घ्यावी लागली. जागतिक बँकेने १९९३ मध्ये वर्तविलेली शक्यता अशा रीतीने खरी ठरली. एकलहरे हे याच वर्गातील केंद्र होते. म्हणून दाभोळची मंजुरी हा एका तालुक्याचा प्रश्न राहत नाही. गुहागरच्या गावांनी विचारलेला ‘ही वीज कोणासाठी व कोणत्या दराने?’ हा प्रश्न नाशिक रोडच्या ग्राहकाचाही होता. फक्त त्याला तो उशिरा कळला.

मंडळाची थकबाकी वाढल्यावर २००१ च्या आरंभी कंपनीने हमीची मागणी पुढे केली. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने एप्रिल २००१ मध्ये सादर केलेल्या अहवालात प्रकल्पाच्या मंजुरीत शासनव्यवस्थेच्या विविध स्तरांवर अपयश आल्याचा निष्कर्ष काढला. मे २००१ मध्ये केंद्र बंद पडले आणि २ डिसेंबर २००१ रोजी एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. जुलै २००५ मध्ये एनटीपीसी व गेल यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनीकडे प्रकल्प आला. केंद्र पुन्हा सुरू झाले, परंतु देशांतर्गत वायूचा पुरवठा आटल्याने २०१३ पासून ते पुन्हा ठप्प झाले. २०१५ च्या अखेरीस रेल्वेला वीज देण्यासाठी ते अंशतः चालविण्यात आले. ज्या वायूच्या भरवशावर प्रकल्प उभा राहिला, तोच त्याचा कायमचा कच्चा दुवा ठरला.

निष्कर्ष

१. दाभोळ प्रकल्पाला मंजुऱ्यांची उणीव नव्हती. मंजुऱ्या अनेक होत्या. उणीव होती ती प्रकल्पाचा साकल्याने विचार करणाऱ्या एका जबाबदार पायरीची.

२. लोकांचे म्हणणे ऐकण्यापूर्वी करार झाल्याने नंतरचा प्रत्येक आक्षेप कराराच्या अंमलबजावणीतील अडथळा मानला गेला. करारभंगाची किंमत मोठी असल्यामुळे निवडून आलेले सरकारही आपला निर्णय टिकवू शकले नाही.

३. इंधन स्वच्छ असल्याने प्रकल्प स्थानिकांस निरुपद्रवी ठरत नाही. जमीन, पाणी व हक्क यांवरील परिणाम इंधनाच्या प्रकारापेक्षा निर्णयाच्या रीतीवर अधिक अवलंबून असतात.

४. एकलहरे येथील मागणी व गुहागर येथील विरोध यांची सरळ तुलना करताना सावधगिरी हवी. एकलहरे येथे अनेक वर्षांचा रोजगार व सार्वजनिक मालकी यांमुळे लोकांचे हितसंबंध केंद्रात रुजले होते; गुहागरला ती संधीच मिळाली नाही. तरीही या दोन उदाहरणांवरून स्थानिक समाज विकासाचा मुळातच विरोधक असतो, हा समज निराधार ठरतो. आपल्या वाट्याला काय येणार आणि आपल्याला कोणी विचारले, हे तो पाहतो.

जनसुनावणीची तरतूद आज कायद्यात आहे. मात्र ती करारापूर्वी होते की करारानंतर, यावरच तिचा अर्थ ठरतो. दाभोळच्या इतिहासाने हा धडा महाराष्ट्राला फार महाग किमतीत दिला आहे. नव्या वीज प्रकल्पांची चर्चा जेथे जेथे होईल, तेथे तो प्रथम वाचला जावा, एवढीच अपेक्षा येथे नोंदवावीशी वाटते.