गावाची वही : क्लेवर्थ ते उंद्री



आजचा विषय आहे गावाचा इतिहास. गाव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक चित्र उभं राहतं. वेशीजवळ मारुती, मध्ये चावडी, पाटील-पटवारी, बारा बलुतेदार आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागी नांदणारी तीच घरं. राजे आले, राजे गेले, गाव मात्र जसंच्या तसं. चिखली तालुक्यातल्या उंद्रीसारख्या घाटावरच्या गावाचा इतिहास लिहायचा, तर आधी विचारलं पाहिजे की हे चित्र खरं आहे का? आणि ते काढलं कुणी?

ते पक्कं करण्यात इंग्रज अंमलदारांचा हात मोठा आहे. चार्ल्स मेटकाफ या अधिकाऱ्यानं १८३० साली लिहून ठेवलं की हिंदुस्थानातली गावं म्हणजे छोटी छोटी प्रजासत्ताकं आहेत, राज्यं बुडतात पण गाव टिकतं. हे वर्णन पुढे इतकं गाजलं की आपल्याही पुढाऱ्यांनी ते अभिमानानं उचललं. आता गंमत बघा. हा विचार करणाऱ्यांच्या स्वतःच्या देशातली गावं तरी अशी स्थिर होती का?

तिथे हे तपासायची सोय आहे. १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं हुकूम काढला की प्रत्येक चर्चनं एक वही ठेवावी आणि बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची नोंद त्यात करावी. नॉटिंगहॅमशायरमध्ये क्लेवर्थ नावाचं एक खेडं आहे. तिथल्या विल्यम सॅम्पसन या पाद्रीनं तर १६७६ आणि १६८८ अशा दोन वेळा गावातल्या सगळ्या माणसांची घरवार यादी केली. पुढे विसाव्या शतकात पीटर लॅस्लेट या इतिहासकारानं त्या दोन याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. लोकसंख्या जवळपास तेवढीच, पहिल्या यादीत ४०१ आणि दुसरीत ४१२. म्हणजे गाव जसंच्या तसं! पण नावं जुळवली तेव्हा दिसलं की पहिल्या यादीतली सुमारे ६० टक्के माणसं बारा वर्षांत गेलेली होती. काही मेली, बाकीची गाव सोडून गेली. त्यांच्या जागी नवी आली. आकडा तोच राहिला, माणसं बदलली.

आपल्याकडे काय वेगळं असणार? आपली भाषाच सांगते. मराठी मुलखात वंशपरंपरेनं जमीन कसणारा तो मिरासदार, आणि बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. गावात बाहेरची माणसं येतच नसती, तर त्यांच्यासाठी वेगळा शब्द कशाला लागला असता? दुसरा शब्द महसुली दप्तरातला, बेचिराग. ज्या गावात दिवा लावायला कुणी उरलं नाही ते बेचिराग गाव. टिकून राहणाऱ्या गावांच्या मुलखात असा शब्द दप्तरात कसा येतो?

बुलढाण्याचंच बघा. १८५३ च्या तहानं वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी चालू होती, तिकडचा कापूस बंद झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८७० साली खामगावपर्यंत रेल्वे आली. कापसामागे पैसा आला, पैशामागे व्यापारी, सावकार, मजूर आले. मग १८९९-१९०० चा दुष्काळ आला, त्याला आपण छप्पन्नचा दुष्काळ म्हणतो. १९१८ साली मानमोडी आली. या सगळ्यातून कुठलं गाव जसंच्या तसं राहिलं असेल?

आणि सर्वांत साधा पुरावा तर घरातच आहे. आपल्या आजीचं माहेर कुठलं? पणजीचं कुठलं? गावातल्या बहुतेक बायका दुसऱ्या गावाहून आलेल्या असतात आणि गावातल्या बहुतेक मुली दुसऱ्या गावी जातात. म्हणजे प्रत्येक पिढीत निम्मं गाव बदलतं. ‘पिढ्यान्‌पिढ्या तेच गाव’ असं म्हणताना आपण फक्त पुरुष मोजत असतो.

असं का झालं? कारण आपल्याकडचा कागद मुख्यतः जमिनीचा आहे. ज्याच्या नावावर शेत, त्याचं नाव दप्तरात. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गाव-गाडा’ लिहिलं. बलुतं, वतन, हक्क, मानपान यांचा एवढा बारकाईचा तपशील क्वचितच सापडतो. पण वतनाचा मान एकाला होता आणि राबणूक दुसऱ्याला. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मेटकाफचंच वर्णन समोर ठेवून त्याचा समाचार घेतला. गाव टिकलं, पण कसं टिकलं, हा त्यांचा सवाल होता. आणि मसुद्यात गाव हा घटक न धरता व्यक्ती हा घटक धरला, याचं त्यांनी स्वागत केलं. पुढे अनुच्छेद ४० नं ग्रामपंचायती घटनेत आल्या, तरी हक्क मात्र माणसाचेच राहिले.

तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला इथे एक गोष्ट महत्त्वाची वाटते. चर्चच्या त्या वहीत जमीनदार आणि त्याचा गडी एकाच पानावर येतात. जन्मायला आणि मरायला सातबारा लागत नाही! तसा कागद आपल्याकडे आहे का? आहे. विदर्भात त्याला कोतवाल बुक म्हणतात. गावातल्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी. भूमिहीन माणसाचं नाव कदाचित त्याच एका कागदावर असतं.

आज या वहीला वेगळंच मोल आलं आहे. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातीच्या कुटुंबाला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. २०२३ पासून न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्तानं कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. पोराचा प्रवेश आजोबांच्या एका ओळीवर अडतो. ते पान वाळवीनं खाल्लं असेल तर? आणि ओळ सापडली तरी तिच्यात पुष्कळदा बापाचं नाव, जात आणि पुढे नुसतं ‘मुलगी’. आईचं नाव नाही, बाळाचंही नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की गावाचा इतिहास लिहायचा म्हणजे गाव किती जुनं हे सिद्ध करायचं नाही. इथे कोण कोण राहून गेलं, ते लिहायचं. उंद्रीच्या तरुणांना हे काम जमण्यासारखं आहे. शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरमध्ये पोरांची नावं आहेत. तहसीलच्या अभिलेख कक्षातून आपापल्या घरच्या नकला मिळतात. आणि तिसरा कागद अजून लिहिलाच गेला नाही, तो म्हाताऱ्या बायकांकडे आहे. माहेर कुठलं, कुठल्या सालच्या दुष्काळात आलात, किती लेकरं झाली, किती जगली, हे विचारा आणि लिहून घ्या. जातीचा रकाना जपून हाताळा, तो सगळ्यांनाच चारचौघांत नको असतो.

क्लेवर्थच्या पाद्रीला आपण इतिहास लिहितोय हे ठाऊक नव्हतं. त्यानं फक्त कुणाला वगळलं नाही. आपल्याकडे हे काम थोडं उशिरा सुरू होतंय, पण सांगणाऱ्या आज्या अजून आहेत. तेवढ्यात करायला हवं.

इथेच थांबतो.