धनी दूर असताना : विश्वासू कारभाऱ्याचा दृष्टान्त वाचण्यापूर्वी

दृष्टान्त कसा वाचावा हे मराठी वाचकाला बाहेरून शिकावे लागत नाही. तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या केशोबासांनी चक्रधरस्वामींचे 114 दृष्टान्त ‘दृष्टान्तपाठा’त गोळा केले, तेव्हा प्रत्येकाचे तीन भाग पाडले : सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक. सूत्र आणि दृष्टान्त स्वामींचे, आणि तो कशाला लागू करायचा हे सांगणारे दार्ष्टान्तिक केशोबासांचे. गोष्ट कुणाची आणि तिचा अर्थ लावणारा कोण, हे आपल्याकडे इतक्या आधी वेगळे ठेवले गेले. ख्रिस्ती परंपरेत ओरिजेन-ऑगस्टीन या प्राचीन आचार्यांपासून शतकानुशतके दृष्टान्तातल्या दिव्याला, तेलाला, नाण्याला एकेक गूढ अर्थ चिकटवण्याची रीत होती. 1888 मध्ये अडॉल्फ यूलिखर या जर्मन पंडिताने तिच्यावर जोरदार हल्ला चढवला आणि आधुनिक दृष्टान्त-अभ्यासाची वाट मोकळी झाली. नाशिकच्या वाचकाने या क्षेत्रात शिरताना यूलिखर जरूर वाचावा, पण केशोबासांची त्रिपुटी हाताशी ठेवावी. माझ्या मते ती जास्त उपयोगी आहे.

आता आपला दृष्टान्त. धनी घरी नाही. त्याने एका दासाला घरातल्या इतर दासांवर नेमले आहे, आणि त्याच्याकडे काम एकच : त्यांना वेळच्या वेळी खायला घालणे. धनी आला आणि तो हेच करताना दिसला, तर तो धन्य. धनी त्याला सगळ्या मालमत्तेवर नेमील. पण ‘धन्याला यायला उशीर आहे’ असे मनाशी धरून तो सोबतच्या दासांना मारू लागला, दारुड्यांच्या पंगतीला बसू लागला, तर नकळत्या घटकेला धनी येईल आणि त्याचे तुकडे करील. ही गोष्ट मत्तयाच्या 24व्या अध्यायाच्या शेवटी आहे आणि लूकच्या 12व्या अध्यायातही. लूककडे साध्या अन्नाऐवजी शिध्याचे ठरलेले माप आहे, आणि मार खाणाऱ्यांत दासीही आहेत. त्याआधी तिथे येशूचा शिष्य पेत्र विचारतो, हा दृष्टान्त आम्हाला की सगळ्यांना? येशू सरळ उत्तर देत नाही. उलट विचारतो की मग विश्वासू आणि शहाणा कारभारी कोण? दार्ष्टान्तिक कुणाच्या माथी मारायचे हा वाद असा शुभवर्तमानातच सुरू झालेला आहे.

पुढच्या अभ्यासकांनी तो वाढवला. सी. एच. डॉड यांनी 1935 मध्ये आणि योआखिम येरेमियास यांनी 1947 मध्ये मांडले, की असे दृष्टान्त मुळात येशूच्या समोर उभ्या असलेल्या लोकांना, विशेषतः त्या काळच्या धर्मपुढाऱ्यांना, उद्देशून होते. ख्रिस्त लवकर परत येईल ही आशा लांबत गेली, तसे ख्रिस्ती मंडळीने ते आपल्या वाट पाहण्याला लावून घेतले. या विवेचनाने फार मोठा प्रकाश पडतो. तरीही पुनरागमनाला उशीर का झाला, या चर्चेत पानेच्या पाने जातात आणि गोष्टीतले ताट बाजूला राहते. धनी कधी येणार याचा हिशेब या दृष्टान्तात फक्त वाईट दासच करतो. चांगला दास जेवण वाढत असतो.

इथे एक अवघड गोष्ट टाळून चालणार नाही. हे दास म्हणजे पगारी नोकर नव्हेत, विकत घेतलेली माणसे आहेत. लूक पुढे म्हणतो, की धन्याची इच्छा ठाऊक असून न वागणाऱ्याला पुष्कळ फटके बसतील. फ्रेडरिक डग्लस या गुलामगिरीतून सुटलेल्या अमेरिकन लेखकाने 1845 च्या आत्मकथनात लिहिले आहे, की त्याचा मालक टॉमस ऑल्ड एका पांगळ्या तरुणीला चाबकाने फोडून काढताना हेच वचन म्हणत असे. ऑल्डला वाटले की गोष्टीतला धनी तो. दृष्टान्त नीट वाचला तर तो सापडतो दुसऱ्याच जागी, सोबतच्या दासांना मारणाऱ्या कारभाऱ्याच्या जागी. हा दृष्टान्त वाचताना कुठल्याही माणसाला धन्याच्या आसनावर बसवले, की अर्थाचा अनर्थ होतो.

नाशिकमध्ये हे फार जवळून कळते. शरणपूर रोडवरून रोज हजारो गाड्या जातात. तो ज्या शरणपुराच्या नावाने ओळखला जातो, ती ख्रिस्ती वसाहत चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी 1850 नंतरच्या दशकात वसवली. ब्रिटिश आरमाराने अरबी समुद्रात पकडलेल्या गलबतांवरची, गुलाम म्हणून विकायला चाललेली आफ्रिकन मुले तिथे आणली गेली. ती शिकली, सुतारकाम-लोहारकाम करू लागली आणि ‘नासिक बॉइज’ म्हणून ओळखली गेली. त्यांतलाच जेकब वेनराइट. 1873 च्या मे महिन्यात आफ्रिकेत फिरणारे मिशनरी-डॉक्टर डेव्हिड लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियातल्या चितांबो गावी वारले, तेव्हा त्यांचे हृदय जिथे पुरले तिथे प्रार्थना त्यांच्या तुकडीतल्या वेनराइटने वाचली आणि झाडावर नाव-तारीख कोरली. मग लिव्हिंग्स्टन यांचे सोबती सूसी आणि चुमा यांच्या पुढारपणाखाली तुकडीतल्या माणसांनी त्यांचा देह महिनोन्‌महिने चालत समुद्रकाठी बागामोयोला नेला. काही सोबती वाटेतच दगावले. 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत पार्थिवाला खांदा देणाऱ्यांबरोबर वेनराइट होता.

इंग्लंडात या माणसांचे फार कौतुक झाले, ते ‘विश्वासू सेवक’ म्हणून. मला हे दार्ष्टान्तिक मान्य नाही. त्यात लिव्हिंग्स्टन धनी होतात आणि वेनराइट त्यांचा दास. दृष्टान्तात धनी एकच आहे. डॉक्टर, मिशनरी, गलबत अडवणारा आरमारी अधिकारी आणि गलबतातून उतरलेला मुलगा, सगळे एकमेकांचे सोबती दास. मग पहिला प्रश्न वेनराइटने किती निष्ठा दाखवली हा राहत नाही. ज्यांच्या हाती शिध्याचे माप होते त्यांनी त्या मुलांशी कसे वर्तन केले, हा होतो. शरणपुरात त्यांना आसरा आणि हुन्नर मिळाला, हे खरेच मोठे काम होते. नव्या इंग्रजी नावांखाली त्यांची जन्मनावे झाकली गेली, हेही त्याच हिशेबात धरावे लागते. 1875 मध्ये प्राइस यांनीच मोंबासाजवळ फ्रेअर टाउन ही मुक्त गुलामांची वस्ती उभारली. तिथे सुरुवातीची बरीच कामे नाशिकहून गेलेल्या आफ्रिकन स्त्री-पुरुषांनी सांभाळली. म्हणजे वाढपी आता तेच झाले होते.

नव्या अभ्यासकाला एक विनंती आहे. टीकाग्रंथ उघडण्याआधी मत्तयाच्या 24व्या अध्यायाच्या 45व्या ओवीपासून 25वा अध्याय संपेपर्यंत एका बैठकीत वाचावे. कारभारी, दहा कुमारी, धन्याने सोपवलेला पैसा आणि शेवटी राष्ट्रांचा न्याय, असे चार भाग एकामागून एक येतात. कारभाऱ्याला वाटते की धन्याला उशीर आहे, कुमारींचा नवरदेव उशिरा येतो, पैसे देणारा धनी पुष्कळ काळाने परततो. आरंभी प्रश्न असतो सोबतच्यांना जेवू घातले का, आणि शेवटच्या न्यायात राजा पहिले कारण सांगतो तेही भुकेल्याला दिलेल्या अन्नाचेच. त्यानंतर लूकच्या 12व्या अध्यायातल्या 35 ते 48 ओव्या घ्याव्यात. तिथे परतलेला धनी स्वतः कंबर बांधून दासांना जेवायला वाढतो, आणि त्या ओवीचे दार्ष्टान्तिक अजून पुरते कुणी लिहिलेले नाही, असे मला वाटते. ते लिहिण्यासाठी मराठीत सामग्री भरपूर आहे. अभ्यासकांनी ते काम हाती घ्यावे.