भाड्याचे गाणे आणि घरचे गाणे

आज गाणे ऐकायला तबकडी लागत नाही की फीत लागत नाही. मोबाइलवर एखाद्या कंपनीची वर्गणी भरली की लाखो गाणी हाताशी येतात. पण या सोयीत एक मेख आहे. वर्गणी भरून आपण गाणे विकत घेत नाही, भाड्याने घेतो. गाण्याचा मालक आणि ते ऐकवणारी कंपनी यांचे बिनसले की गाणे बिऱ्हाड हलवते. ही गोष्ट आजचीच आहे असे मात्र समजू नका. सत्तर वर्षांपूर्वी रेडिओवरही असेच घडले होते.

1952 साली डॉ. बा. वि. केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचा त्यांना जिव्हाळा, सिनेमाच्या गाण्यांचा तिटकारा. रेडिओवर सिनेगीतांचा वेळ कमी करण्यात आला. चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे जाहिरात, म्हणून तेही बंद झाले. तेव्हा निर्माते बिथरले आणि त्यांनी गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली. झाले! सरकारी केंद्रांवरून सिनेगीते जवळजवळ नाहीशी झाली.

दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ. तिसरा होता कोलंबोचा रेडिओ सिलोन. डिसेंबर 1952 मध्ये तिथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सयानींचा आवाज लघुलहरींवरून सगळ्या देशात पोहोचला. त्या काळी रेडिओ बाळगायला वर्षाचा परवाना काढावा लागे. म्हणजे बघा, पैसे दिल्लीला आणि कान कोलंबोला! अखेर 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू झाली आणि सिनेगीते पुन्हा घरच्या रेडिओवर आली.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच वर्षांत आकाशवाणीने स्वतःची सुगम गीते करवून घेतली. पुणे केंद्रावरून 1955-56 मध्ये ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ आठवड्याला एक गीत याप्रमाणे प्रसारित झाले. त्यात 56 गीते होती. आकाशवाणीने ती स्वतःच घडवली होती. कुणी निर्माता रुसला म्हणून ती उठून जाणार नव्हती.

आता आजच्याकडे वळू या. फेब्रुवारी 2019 मध्ये स्वीडनची स्पॉटिफाय कंपनी भारतात आली. त्याच वर्षी ‘सारेगामा’ने, म्हणजे जुन्या ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या वारसदार कंपनीने, दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. तिची एक लाखाहून अधिक गाणी स्पॉटिफायवरून उतरली. 2020 साली करार झाला, तेव्हा ती परतली. 2023 मध्ये झी म्युझिकच्या गाण्यांचेही तेच झाले. पुढे तर दुकानेच बंद होऊ लागली. ‘गाना’ने 2022 मध्ये फुकट ऐकणे थांबवले. ‘रेसो’ जानेवारी 2024 अखेर भारतातून गेले आणि त्याच वर्षी ‘विंक’ आवरले. फुकट ऐकणारे फार, वर्गणी भरणारे थोडे. मग खर्चाचे गणित बसायचे कसे?

तुम्ही विचाराल, स्पर्धा असली म्हणजे गिऱ्हाइकाचे भलेच होते ना? ज्वारीच्या बाबतीत ते खरे. मोंढ्यात एका अडत्याकडे माल नसला तर दुसऱ्याकडे मिळतो, कारण ज्वारी कुणाच्याही शेतातली चालते. गाण्याचे तसे नाही. एका गाण्याच्या जागी दुसरे चालत नाही, आणि त्याचा धनी एकच असतो. म्हणून दुकाने वाढली तरी प्रत्येक फडताळात सगळे गाणे असेलच, असे नाही.

मग आपण काय करावे? याचे उत्तर आपल्याच बीड जिल्ह्यात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातील गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. 1996 साली त्यांच्या सहकाऱ्यांनी माजलगावच्या भीमनगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. आज ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संकेतस्थळावर त्या कुणालाही वर्गणी न भरता ऐकता येतात. ज्या बायकांची दखल कुठल्या तबकडीने घेतली नाही, त्यांचा आवाज असा टिकला.

जात्यावर बसले की ओवी सुचते, असे आपण म्हणतो. आता जाती थांबली. ओवी सुचायची कशी? ज्यांना ती पाठ आहे त्या आज्या थकल्या आहेत. त्यांच्या सुना-मुली दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, त्या उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, हे काम शाळेनेच उचलावे. मोबाइल मुलांच्या घरी आहेच. आजीची परवानगी घ्यावी, ओवी मुद्रित करावी, तिचे नाव, गाव, वर्ष वहीत लिहावे आणि मुद्रणाच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. सिनेमाची गाणी खुशाल भाड्याने ऐका. पण आजीच्या ओवीला दुसरा धनी नाही. ती आपण ठेवली नाही, तर कुठलाही करार तिला परत आणणार नाही.