मुरघास
हिरवा चारा किंवा पिकांचे ओले अवशेष हवाबंद जागेत दाबून व आंबवून टिकविलेले जनावरांचे खाद्य. दाबलेल्या थरांतील ऑक्सिजन संपल्यावर विशिष्ट सूक्ष्मजंतू वनस्पतींतील शर्करेपासून लॅक्टिक अम्ल तयार करतात. अम्लता पुरेशी वाढली (पीएच मूल्य सु. ४) म्हणजे चारा कुजविणाऱ्या जंतूंची वाढ थांबते व तो अनेक महिने टिकतो.

आधुनिक मुरघासाचा आरंभ टाकाऊ मालापासून झाला. जर्मनीतील स्टटगार्टजवळचे साखर कारखानदार आडोल्फ राइलेन यांनी १८६० नंतरच्या दशकात बीटाची पाने व चोथा चरांत पुरून टिकविला आणि पुढे मक्यावर हीच रीत वापरली. फ्रान्समधील सोलोन्य भागात ओग्यूस्त गोफार यांनी अनेक वर्षे प्रयोग करून १८७७ मध्ये या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. चारा बारीक कापणे व त्यावर सतत भार ठेवणे, या दोन गोष्टींवर त्यांचा भर होता. अमेरिकेत फ्रान्सिस मॉरिस यांनी मेरिलंडमध्ये १८७६ साली मुरघास केला. तेथील चौकोनी कोठारांच्या कोपऱ्यांत चारा नीट दबत नसे व हवा राहून तो नासे. म्हणून विस्कॉन्सिनचे फ्रँक्लिन हायरम किंग (१८४८–१९११) यांनी वर्तुळाकार कोठाराचा पुरस्कार केला.

रासायनिक बाजूचा अभ्यास विसाव्या शतकात पुढे गेला. फिनलंडचे शास्त्रज्ञ आर्तुरी इल्मारी व्हिर्तानेन (१८९५–१९७३) यांनी चाऱ्यावर विरल खनिज अम्ले टाकून पीएच मूल्य ४ च्या खाली आणण्याची पद्धत शोधली. या कार्याबद्दल त्यांना १९४५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सदोष मुरघासातील ब्यूटिरिक अम्ल निर्माण करणारे जंतू दुधात उतरल्यास चीज फुगते. यास्तव एमेंटाल चीजच्या दुधासाठी गायींना मुरघास देण्यास मनाई आहे.

महाराष्ट्रात या पद्धतीला उपयुक्त असा मोठा अवशेष म्हणजे उसाचे वाढे. गळीत हंगामात ते मुबलक मिळतात, परंतु लवकर वाळतात. उन्हाळ्यात मात्र वैरणीची टंचाई भासते. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे २०१२-१३ मध्येही तिची झळ पशुधनाला बसली. कडबा वाळवून साठविता येतो, पण एकदा वाळल्यावर पाणी व शर्करा पुरविल्याशिवाय त्याचा मुरघास होत नाही. वाढे मात्र ओले असतानाच कुट्टी करून भरता येतात. तथापि खड्डा किंवा पिशवी थोड्या दिवसांत भरून बंद करावी लागते. वाढ्यांवर रूढीने ऊसतोड कामगारांचा हक्क मानला जातो व ते मोळ्या बांधून विकतात. त्यामुळे लहान शेतकऱ्याला पुरेसा माल एकाच वेळी विकत घेण्यासाठी रोख रक्कम हाताशी असावी लागते. प्लॅस्टिकच्या पिशव्यांमुळे साठवणीचे परिमाण लहान करता येऊ लागले असले, तरी पिशवीला पडलेले लहानसे छिद्रही आतील चारा नासविण्यास पुरेसे ठरते.