माळ्यावरची दप्तरे: मराठी घरांची आवराआवर आणि आपला इतिहास

(थ्रेड)

१/
वाडा पाडून इमारत उभी राहते, वडीलधारी माणसे जातात, भावंडे निरनिराळ्या शहरांत स्थायिक होतात आणि एके दिवशी जुने घर रिकामे करावे लागते. तांब्याचे हंडे, पत्र्याच्या ट्रंका, माळ्यावर कापडात बांधलेले एखादे गाठोडे. काय ठेवायचे, काय कोणाला द्यायचे आणि काय टाकायचे? मराठ्यांच्या इतिहासाचे आपले बरेचसे ज्ञान या प्रश्नाला निरनिराळ्या घरांनी दिलेल्या उत्तरांवर उभे आहे.

२/
प्रथम त्या गाठोड्याविषयी. जुन्या काळी कागद एकावर एक रचून चौकोनी कापडात बांधून ठेवत. या बांधणीला ‘रुमाल’ म्हणतात. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर आजही रुमालांच्या हिशेबानेच ओळखले जाते. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, सावकार, सरदार यांच्या घरीही असेच रुमाल असत. आत सनदा, महजर, वाटणीपत्रे, कर्जरोखे, जमाखर्चाचे ताळेबंद आणि खासगी पत्रे. बहुतेक सर्व मजकूर मोडी लिपीत.

३/
हे कागद पूर्वजांच्या प्रेमापोटी जपले गेले, असे आपण सहज समजतो. मूळ कारण अधिक व्यावहारिक होते. वतन, इनाम, मिरास यांवरचा हक्क कागदाने सिद्ध होई. भाऊबंदांत तंटा लागला की गोतसभेपुढे कागद काढून दाखवावा लागे. तो जळाला किंवा लुटीत गेला, तर साक्षी-पुरावे देऊन नवा करून घ्यावा लागे. रुमाल हा त्या घराचा पोटापाण्याचा दस्तऐवज होता.

४/
१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि पेशव्यांचे दप्तर कंपनी सरकारच्या हाती आले. पुढे १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. इनामदाराने आपली सनद दाखवायची आणि कमिशनने ती सरकारी दप्तराशी ताडून पाहायची, असा तो व्यवहार होता. दावा शाबीत झाला नाही तर इनाम खालसा होण्याची टांगती तलवार होती. १८६३ च्या कायद्यांनी ठरावीक आकारणीच्या बदल्यात हा प्रश्न बव्हंशी मिटवला.

५/
तथापि त्या वर्षांनी मराठी घरांना दोन सवयी लावल्या. कागद जीवापाड जपायचा ही एक, आणि तो परक्याला दाखवायचा नाही ही दुसरी. कागद बाहेर गेला की जमीन जाईल, ही भीती पिढ्यान्‌पिढ्या राहिली. पुढच्या कथेत या दोन्ही सवयींचा मोठा वाटा आहे.

६/
आता संग्राहकांकडे वळू. १८७८ मध्ये पुण्यात ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक निघाले. का. ना. साने आणि ज. बा. मोडक यांनी त्यातून बखरी, पत्रे, जुनी काव्ये छापण्यास आरंभ केला. मिरजेस शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन घराण्याच्या दप्तरातून निवडलेले कागद १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या मालेत प्रसिद्ध केले. १८९८ मध्ये वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड आला.

७/
त्या खंडात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे आहेत. पानिपतच्या आधीची ही अकरा वर्षे. तोवर या काळाविषयी वाचकांपुढे मुख्यतः बखरी आणि १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रँट डफ याचा इंग्रजी इतिहास होता. पत्रांमुळे मुक्काम कोठे होता, पैशाची ओढ किती होती, कोणाचे कोणाशी बिनसले होते, हे त्या त्या दिवशी लिहिणाऱ्या माणसांच्या शब्दांत कळू लागले. बखरींतील गोंधळ किती आहे याची झाडाझडतीही राजवाड्यांनी त्याच खंडाच्या प्रस्तावनेत घेतली.

८/
ही साधने राजदरबारातून आली नव्हती. ती घराघरांतून आली. राजवाडे गावोगाव हिंडत, ओळखी काढत, दारात बसून राहत. कोठे मालक ‘आमच्याकडे काही नाही’ म्हणून सांगत. कोठे रुमाल सोडला की वाळवीने केलेली माती हाती येई. कोठे कागद आधीच रद्दीत गेलेले असत. त्यांच्या प्रस्तावनांतील चिडखोर स्वर अनेकांना खटकतो. त्या स्वरामागे असे अनेक रिकामे परत आलेले दिवस आहेत.

९/
मिळालेले कागद ठेवायचे कोठे, हा पुढचा प्रश्न होता. १९१० मध्ये राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. तेथे आज लाखो मोडी कागद आहेत. राजवाडे १९२६ मध्ये निवर्तल्यावर त्यांचा संग्रह जतन करण्यासाठी धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. वाईजवळच्या मेणवलीतील नाना फडणिसांचे दप्तर द. ब. पारसनीस यांच्या हाती आले. त्यांनी साताऱ्यात उभारलेला संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला.

१०/
या साऱ्यांत एक गोष्ट ठळक दिसते. जे कागद घराबाहेर पडून योग्य हाती गेले, ते बहुतांशी टिकले. ज्यांना घराबाहेर पडू दिले नाही, त्यांतील फार थोडे उरले. गळके कौल, कसर, उंदीर आणि चार भावांतील वाटणी यांपुढे एकट्या घराची माया पुरी पडत नाही. जपण्याची इच्छा जितकी तीव्र, तितकी कागद दुसऱ्याच्या हाती देण्याची तयारी कमी, असा तो पेच होता.

११/
विसाव्या शतकाच्या मध्यावर या पेचाला वेगळे वळण लागले. छपाईने बालबोध लिपी रूढ झाली होती आणि शाळांतून मोडी नाहीशी झाली. नातवाला आजोबांचे अक्षर वाचता येईना. त्याच सुमारास वतने आणि इनामे रद्द करणारे कायदे आले. परगणा व कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा १९५० चा, खासगी इनामे रद्द करणारा १९५२ चा आणि पाटील वतने रद्द करणारा १९६२ चा.

१२/
शेतकऱ्याच्या दृष्टीने हे कायदे न्यायाचे होते. रुमालाच्या दृष्टीने मात्र ती दुहेरी आपत्ती ठरली. जो कागद आता वाचता येत नाही आणि ज्याने आता जमीनही मिळत नाही, तो का ठेवायचा? पुरावा म्हणून त्याचे काम संपले होते, आणि इतिहास म्हणून त्याचे मोल घरात कोणाला ठाऊक नव्हते. या दोहोंमधल्या पोकळीत मोडीतले कागद अक्षरशः मोडीत निघाले.

१३/
घरेही बदलत होती. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि जुन्या वाड्यांची डागडुजी मालकांना परवडेना. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले. पुण्यातील नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले आणि घरांबरोबर ट्रंकांतील कागद व छायाचित्रेही गेली. १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्यानंतर सदनिकांची वाट अधिक मोकळी झाली. चौकाच्या वाड्यातून तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जाताना माळ्यावरची गाठोडी बरोबर येणे कठीणच होते.

१४/
कागदांची ही स्थिती, तर वस्तूंची काय असेल? स्टेनलेस स्टील घरोघर पोहोचले आणि कल्हईची कटकट संपली. घंगाळी, हंडे, परातींचे ढीग वजनावर मोडीत गेले. जुन्या जरीच्या साड्या जाळून चांदी काढली गेली. उरलेले कपडे बोहारणीकडे गेले आणि बदल्यात नवी भांडी आली. रोज भांडी घासणाऱ्या बाईला स्टील हवेसे वाटले, यात तिचे काय चुकले? जुन्या वस्तूंविषयी हळहळताना त्या वस्तू घासणारे हात कोणाचे होते, हे विसरता कामा नये.

१५/
तरीही वितळलेल्या भांड्यांबरोबर एक साधन गेले. भांड्यांवर नावे घालण्याची आपल्याकडे रीत आहे: कोणी दिले, कोणाला दिले, कोणत्या निमित्ताने, क्वचित तारीखही. सनदा-महजरांत स्त्रियांची नावे विरळा आढळतात. लग्नातील कळशीवर, डोहाळजेवणाच्या ताटावर, हळदीकुंकवाच्या वाटीवर ती सापडतात. एखाद्या कुटुंबातील बायकांच्या नात्यागोत्याचा हा पितळेवर कोरलेला दस्तऐवज तराजूत घालताना आपण वाचलादेखील नाही.

१६/
हे मोल आधीच ओळखणारा एक माणूस पुण्यात होता. दिनकर केळकर (१८९६–१९९०). ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. वाड्यांतून बाहेर पडणारे दिवे, अडकित्ते, वज्री, फण्या, दौती, पानाचे डबे, कोरीव दरवाजे त्यांनी आयुष्यभर गोळा केले. तलवारी आणि मुकुट सर्वांनाच हवे असतात. पाय घासण्याची वज्री संग्रहालयात ठेवावी, असे वाटायला निराळी दृष्टी लागते.

१७/
लहानपणीच वारलेल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ त्यांनी संग्रहाला नाव दिले आणि हयातीतच तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. या संग्रहात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून तेथे एक दालनही उभारले आहे. शेकडो घरांनी नको म्हणून काढलेल्या वस्तूंतून हे संग्रहालय घडले. आणि स्वतः केळकरांनीही अखेरीस सारे देऊन टाकले.

१८/
आतापर्यंतची कथा वाडे असणाऱ्यांची झाली. ज्यांच्या घरांना माळेच नव्हते, त्यांचे काय? येथे एक घटना सांगितलीच पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे १९५६ मध्ये महापरिनिर्वाण झाले. त्यांची अप्रकाशित हस्तलिखिते दिल्लीत २६, अलीपूर रोड येथील घरात होती. १९६७ मध्ये तेथील खोल्या रिकाम्या करून घेतल्या गेल्या, तेव्हा कागद उघड्यावर टाकले गेले आणि पावसात भिजले. किती कायमचे गेले, हे मोजायला आज काहीच साधन नाही.

१९/
जे वाचले, ते कोर्टकचेरीच्या ताब्यातून पुढे महाराष्ट्र शासनाकडे आले. १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड निघू लागले. घटनेच्या शिल्पकाराच्या कागदांची ही अवस्था. मग गिरणगावातील चाळीत एखाद्या ट्रंकेत ठेवलेली जलशाची वही, परिषदेचे हस्तपत्रक, युनियनची पावती यांचे काय झाले असेल? ज्या समाजांचा इतिहास सरकारी दप्तरात त्यांच्या स्वतःच्या शब्दांत क्वचितच उतरला, त्यांच्या घरची एक ट्रंक रिकामी होणे हे अधिक मोठे नुकसान असते.

२०/
शासनाकडे आवराआवरीचा नियम असतो. महाराष्ट्रात कार्यालयीन अभिलेखांचे ‘अ’ ते ‘ड’ असे वर्ग करतात: ‘अ’ कायमचा, ‘ड’ अल्पकाळ ठेवून नष्ट करण्याचा. घराला असा नियम नसतो. तेथे निर्णय एका शनिवार-रविवारात, दमलेल्या आणि बहुधा दुःखात असलेल्या माणसांना घ्यावा लागतो. म्हणून इतिहासाच्या बाजूने चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

२१/
पहिली: रुमाल सोडून कागदांची ‘नीट’ वर्गवारी करू नका. कोणता कागद कोणत्या कागदाला लागून होता, हीच मोठी माहिती असते. दुसरी: कोणाचे घर, कोणते गाव, कोणत्या पेटीत सापडले, हे एका चिठ्ठीवर लिहून आत ठेवा. गावाचा पत्ता नसलेली सनद ही अर्धी सनद. तिसरी: प्लास्टिकचे लॅमिनेशन आणि चिकटपट्टी टाळा. स्वच्छ सुती कापड आणि कोरडी जागा पुरेशी आहे.

२२/
चौथी आणि सर्वांत महत्त्वाची: जे क्षुल्लक वाटते, ते एकदा पाहून घ्या. पूर्वजांच्या पराक्रमाचा कागद कोणीही ठेवतो. किराण्याची वही, रेशनकार्ड, मुंबईहून गावी आलेल्या मनीऑर्डरींच्या पावत्या, शाळेची प्रगतिपुस्तके, लग्नखर्चाची यादी हे टाकले जाते. उद्याच्या अभ्यासकाला भाव, मजुरी, स्थलांतर आणि मुलींचे शिक्षण यांविषयी याच कागदांतून कळणार आहे. सर्व ठेवता येणार नाही. निदान छायाचित्रे काढता येतात.

२३/
संस्थांनाही मर्यादा आहेत. जागा, मनुष्यबळ आणि मोडी वाचणारी माणसे कमी आहेत. प्रत्येक रुमाल कोणी घेईलच असे नाही. म्हणून आधी विचारावे, यादी द्यावी, छायाचित्र पाठवावे. आणि काही कागद नष्ट करण्याचा अधिकार कुटुंबाला आहे, हेही मान्य केले पाहिजे. आईने कोणालाही दाखवू नका म्हणून सांगितलेली पत्रे इतिहासाला मिळाली नाहीत, तर इतिहासाने तक्रार करू नये.

२४/
घर आवरणे म्हणजे स्मृतीशी द्रोह, असे वाटून अनेकजण वर्षानुवर्षे माळ्याकडे पाहत नाहीत. मराठी इतिहासाचा अनुभव निराळे सांगतो. खरे-राजवाड्यांना कागद मिळाले, ते कोणीतरी ते हातावेगळे करायला तयार झाले म्हणूनच. केळकरांची वज्री काचेमागे आहे, ती कोणीतरी घरातून काढली म्हणूनच. वस्तू सोडण्याचे दुःख खरे आहे. ती कोणाच्या हाती सोडतो, एवढे मात्र आपल्याला ठरवता येते.

२५/
दसरा-दिवाळीची साफसफाई दर वर्षी येते. या वेळी माळ्यावर एखादे कापडात बांधलेले गाठोडे दिसले, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी आपल्या जिल्ह्यातील इतिहास मंडळाला, पुराभिलेखागाराला किंवा मोडी जाणणाऱ्या एखाद्या व्यक्तीला एक दूरध्वनी करावा. त्या गाठोड्यात कदाचित केवळ उसनवारीचा हिशेब असेल. दोनशे वर्षांपूर्वी त्या घराने कोणाकडून किती उसने घेतले आणि का, हे कोणालाही पुन्हा नव्याने लिहून काढता येणार नाही.

(थ्रेड समाप्त. आपल्या घरी अशा प्रकारचे कागद अथवा नाव कोरलेली जुनी भांडी असतील, तर खाली अवश्य सांगावे.)