जुनी दुनळी बंदूक: गंजाआधी काडतूस तपासा

कोलकाता : मँटन, रॉडा अशा कंपन्यांनी ब्रिटिश अमदानीत येथून विकलेल्या दुनळी बंदुका काही घराण्यांत वारशाने आल्या आहेत. (ऑगस्ट १९१४ मध्ये क्रांतिकारकांनी पळवलेली ५० माउझर पिस्तुले याच रॉडाची.) दमट हवेमुळे मालक गंजाची काळजी करतात, मोठा धोका काडतुसात असतो.

१२ बोअरच्या बऱ्याच जुन्या ब्रिटिश बंदुकांत काडतुसाची जागा ६५ मिलिमीटर असते. ७० मिलिमीटरचे काडतूसही तीत सहज बसते, कारण त्याचे तोंड दुमडलेले असते. बार होताना ते उलगडते, छर्ऱ्यांची वाट आवळते आणि दाब वाढतो. नळीवर वेटोळ्यांची नक्षी असल्यास ती दमास्कस पद्धतीची असू शकते; जाणकाराच्या तपासणीविना तीत आधुनिक धूरविरहित दारू वापरू नये. २० बोअरचे काडतूस १२ बोअरच्या नळीत पुढे सरकून अडकते. मागून दुसरे भरून चाप ओढल्यास नळी फुटते. त्यामुळेच २० बोअरची काडतुसे सहसा पिवळी असतात.

बार न झाल्यास नळी सुरक्षित दिशेला रोखून किमान अर्धा मिनिट थांबावे. बंदूक पुसून तेलाचा हलका हात द्यावा; चामडी पेटीत ठेवू नये, चामडे ओल धरते. दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडेच करावी.

हौसेच्या शिकारीला १९७२च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकास दोनच बंदुका बाळगता येतात. वारसालाही स्वतःचा परवाना लागतो.