प्रभावती, कुलप्रभावती आणि आपली रामटेकची सहल



मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी आपली बस नगरधन, रामटेक आणि मनसर अशी फिरणार आहे. वाटेत माहिती सांगण्याचं काम माझ्याकडे आलं आहे. पण बस कामठीच्या पुढे गेली की अंताक्षरी सुरू होणार आणि माझा आवाज मागच्या बाकांपर्यंत पोचणार नाही. शाळेतही मागच्या बाकांपर्यंत फारसं काही पोचत नसे. म्हणून जे सांगायचं ते इथं लिहून ठेवतो.

शाळेच्या सहली रामटेकला जायच्या तेव्हा क्रम ठरलेला असे : पायऱ्या, गडमंदिर, माकडांपासून डबे वाचवणं, अंबाळा तलाव आणि अंधार पडायच्या आत परत. वाकाटकांचा धडा परीक्षेपुरता वाचलेला असे, पण त्या धड्यातली माणसं याच टेकडीवर वावरत होती हे कुणाच्या डोक्यात येत नसे. माझ्या डोक्यात ते पक्कं बसलं ते कंबोडियात, पाच दिवसांच्या सहलीत.

सीएम रीप गावाजवळ लोलेई नावाचं एक लहान देऊळ आहे. बहुतेक सहली ते गाळतात. आमचा गाईड मात्र हट्टानं घेऊन गेला. विटांचे चार पडके मनोरे, दारांच्या दगडी चौकटींवर कोरीव लेख आणि भोवती भातशेती. ही शेती म्हणजे एकेकाळचा इंद्रतटाक नावाचा प्रचंड तलाव. राजा इंद्रवर्म्यानं तो खोदवला आणि त्याच्या मधोमध बेटावर त्याचा मुलगा यशोवर्मा यानं इ.स. ८९३ मध्ये हे देऊळ बांधलं, ते आपल्या आईवडिलांसाठी आणि आईच्या आईवडिलांसाठी. त्यातल्या शिवाचं नाव इंद्रवर्मेश्वर, म्हणजे वडिलांचं नाव देवाला दिलेलं. आईचं नाव इंद्रदेवी, म्हणून तिथल्या देवीचंही नाव इंद्रदेवी.

गाईड सांगत होता की ही ख्मेर राजांची खास रीत. मेलेल्या आईबापांच्या नावानं देव स्थापायचा आणि जवळ पाणी अडवायचं. रीत त्यांची खरीच, त्यांनी ती फार थोर पातळीवर नेली. पण ‘खास त्यांचीच’ म्हणताना रामटेक आठवावं लागतं.

गडमंदिराकडे जाताना टेकडीवर लाल वालुकाश्माची दोन बसकी, जाड भिंतींची देवळं लागतात : केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह. वाकाटकांच्या काळातली, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकातली. महाराष्ट्रात या काळातल्या लेण्यांना तोटा नाही, अजिंठाच आहे. पण दगडावर दगड रचून उभारलेली आणि आजही पूजेत असलेली इतकी जुनी देवळं बोटांवर मोजण्याइतकीच. आत अवाढव्य नरसिंह आहे. हिरण्यकशिपू नाही, फाडलेलं पोट नाही. हातात चक्र घेऊन एखाद्या राजानं दरबारात बसावं तसा तो निवांत बसला आहे. जवळच वराह आणि भंगलेला त्रिविक्रम. वराहाच्या पोटाखालून सरपटत जाऊन आपण पुण्यवान असल्याचं कोण कोण सिद्ध करायचं, ते आठवत असेलच. आता वजन पाहता कुणी प्रयत्न करू नये.

केवल नरसिंहाच्या देवळात भिंतीवर एक शिलालेख आहे. अनेक शतकं तो गिलाव्याखाली झाकलेला होता आणि १९८० च्या दशकात उजेडात आला. अक्षरं बरीच झिजली आहेत, पण अभ्यासकांनी जे वाचलं त्यावरून एवढं निघतं : वाकाटक घराण्यातल्या एका राजकन्येनं आपल्या आईच्या पुण्यासाठी देव स्थापला. देवाचं नाव प्रभावतीस्वामी. सुदर्शन नावाच्या तलावाचाही त्यात उल्लेख आहे. आईच्या नावाचा देव आणि त्याच्या जोडीला पाणी. लोलेईच्या आधी साडेचारशे वर्षं, आपल्या शाळेपासून पन्नासेक किलोमीटरवर.

ही आई म्हणजे प्रभावती गुप्ता. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची मुलगी, वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याची राणी. नवरा लवकर गेला, मुलं लहान होती. थोरला दिवाकरसेन युवराज असताना तिनं त्याच्या नावे कारभार पाहिला. त्याच्या तेराव्या वर्षी नंदिवर्धनहून, म्हणजे आजच्या नगरधनहून, तिनं दिलेला ताम्रपट पुण्यात सापडला. शाळेत हा भाग ‘तिच्यामार्फत गुप्तांचा वाकाटकांवर प्रभाव वाढला’ अशा एका वाक्यात उरकला जाई, जणू ती म्हणजे वडिलांचं पत्र पोचवणारी टपालपेटी. ताम्रपट वाचला की चित्र वेगळं दिसतं. त्यात ती सुरुवातीला आपल्या माहेरची, गुप्तांची वंशावळ देते. गोत्र सांगते तेही माहेरचं, धारण. वाकाटकांचं विष्णुवृद्ध गोत्र ती घेत नाही. पुढे मुलगा दुसरा प्रवरसेन गादीवर आल्यावर, त्याच्या एकोणिसाव्या वर्षी तिनं आणखी एक दान दिलं. तो ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचा, महानुभावांमुळे आपल्याला माहीत असलेल्या गावचा. हे दान तिनं रामगिरिस्वामीच्या पायांपासून दिलं असं त्यात लिहिलं आहे. रामगिरी म्हणजे रामटेक, आणि कालिदासाच्या ‘मेघदूता’तला यक्ष राहिला तोही हाच, हे मत ज्यांनी ठामपणे मांडलं ते म. म. वा. वि. मिराशी नागपुरातच संस्कृत शिकवत होते. वाकाटकांचे कोरीव लेख संपादून त्यांनी सिद्ध केलेला ग्रंथ १९६३ साली निघाला. वाकाटकांविषयी बोलणारा प्रत्येक जण त्यांच्या ऋणात आहे.

नगरधनच्या किल्ल्यापाशी बस थांबेल तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. गेल्या दशकात डेक्कन कॉलेज आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्यानं तिथं उत्खनन केलं. त्यात मातीची एक चिमुकली मुद्रा निघाली. तिच्यावर शंख आहे आणि ब्राह्मी अक्षरांत प्रभावतीचं नाव. मुद्रा लागते ती हुकूम काढणाऱ्याला. टपालपेटीला लागत नाही.

आता कंबोडियातली दुसरी प्रभावती. अंकोरच्याही आधी, मेकाँग नदीच्या खालच्या खोऱ्यात चिनी बखरी ज्याला फुनान म्हणतात ते राज्य होतं. तिथल्या जयवर्मा राजाची पट्टराणी कुलप्रभावती. पाचव्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराचा तिचा संस्कृत शिलालेख दक्षिणेकडच्या ताकेव प्रांतात सापडला. सुरुवातीला क्षीरसागरात शेषावर पहुडलेल्या विष्णूची स्तुती, आणि मग राणीनं आराम, तलाव आणि निवास केल्याची नोंद. त्याच राज्यातल्या गुणवर्मा या राजपुत्राच्या लेखात विष्णूच्या पावलाची स्थापना आहे आणि त्या देवाचं नाव चक्रतीर्थस्वामी. रामगिरिस्वामी, प्रभावतीस्वामी, चक्रतीर्थस्वामी. देवाचे पाय, राणीचं दान, शेजारी तळं.

इथं थांबून सांगायला हवं, कारण बसमध्ये कुणीतरी ‘म्हणजे आपणच त्यांना शिकवलं’ असं म्हणणारच आहे. नावं जुळतात यावरून विदर्भातून कुणी फुनानला गेलं असं ठरत नाही. रमेशचंद्र मजुमदारांनी १९४४ साली आपल्या पुस्तकाच्या नावातच कंबुजदेशाला प्राचीन हिंदू वसाहत म्हटलं. पारतंत्र्यात त्या शब्दानं छाती फुगत असेल. पण वसाहत म्हणजे काय हे आपल्या आजोबांनी भोगलं होतं, आणि कंबोडियात तसं काही झालेलं नाही. भारतातून तिकडे सैन्य गेल्याचा किंवा खंडणी आल्याचा पुरावा नाही. त्यांच्या राजांनी संस्कृत घेतली, विष्णू-शिव घेतले, ख्मेर भाषा सोडली नाही, आणि जे उभारलं ते इथं कुठंच नाही. अंकोर वाट बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या सूर्यवर्म्यानं बांधलं. त्याचा नुसता खंदकच १९० मीटर रुंद आहे. आपलं केवल नरसिंहाचं देऊळ त्याच्या एखाद्या कोपऱ्यात हरवेल. पाचव्या शतकात सबंध हिंदी महासागराच्या काठानं एक भाषा आणि देव मानण्याची एक पद्धत पसरत होती. नंदिवर्धनची राणी आणि फुनानची राणी या तिच्यातल्या दोन समकक्ष बायका. मला हे नातं गुरु-शिष्याच्या नात्यापेक्षा जास्त आवडतं.

उलट काही बाबतींत त्यांच्याकडे पाहून आपल्याला आपलं कळतं, मनसरसारखं. तिथल्या हिडिंबा टेकडीवर १९९७-९८ पासून उत्खनन झालं आणि विटांची अनेक थरांची मोठी वास्तू उघडी पडली. प्रवरसेनाच्या ताम्रपटांत प्रवरेश्वर देवकुलाचा उल्लेख येतो, म्हणजे पुन्हा राजाच्या नावाचा देव. तो प्रवरेश्वर हाच आणि गाव म्हणजे राजधानी प्रवरपूर, असं बरेच विद्वान मानतात. त्याआधीच मनसरला सापडलेली सुंदर, गुबगुबीत शिवमूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दुसरीकडे या जागेचं नातं बोधिसत्त्व नागार्जुनाशी जोडणारी श्रद्धा आहे, तिथं स्तूप असल्याचं उत्खनन करणाऱ्यांनीही नोंदवलं आहे, आणि नागपूरच्या हजारो बौद्ध कुटुंबांसाठी ती टेकडी पवित्र आहे. आपल्या वर्गात दोन्ही बाजूंचे लोक आहेत आणि दोघंही मोठ्यानं बोलणारे.

अंकोर वाट विष्णूचं म्हणून बांधलं गेलं आणि काही शतकांपासून ते बौद्ध आहे. पश्चिमेच्या गोपुरात आठ हातांची विष्णुमूर्ती उभी आहे. तिला केशरी वस्त्र गुंडाळतात, उदबत्त्या लावतात आणि लावणारे सगळे बौद्ध असतात. मात्र तिथंही नेहमी असं गोड झालेलं नाही. सातवा जयवर्मा बौद्ध होता. त्यानं ११८६ मध्ये आईसाठी ता प्रोम बांधलं, तिला प्रज्ञापारमितेच्या रूपात बसवलं, आणि त्याच देवळाच्या लेखात राज्यातल्या १०२ आरोग्यशाळांची नोंद केली. त्याच्यामागून कुणीतरी त्याच्या देवळांतल्या बुद्धाच्या कोरीव प्रतिमा छिन्नीनं काढून टाकल्या, काहींची शिवलिंगं केली. त्या खरवडलेल्या कोनाड्यांसमोर गाईड गप्प उभा राहिला आणि आम्हीही. मनसरला विटांचा एक थर दुसऱ्यावर बसला आहे. माझ्या मते तिथं एकच पाटी लावण्याचा आग्रह कुणीच धरू नये. बसमध्ये वाद झाला तर होऊ द्यावा. फक्त टेकडीवरची एकही वीट उचलू नये, आठवण म्हणूनसुद्धा नाही.

एक लहानशी सूचना. अंकोर वाटच्या डागडुजीचं काम आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं १९८६ ते १९९३ या काळात केलं, आणि पुढे ता प्रोमचंही हाती घेतलं. परदेशातल्या त्या देवळांपुढे रांगेत उभं राहायला आपण विमानाची तिकिटं काढतो. रुद्र नरसिंहापुढे मात्र रविवारीही एखादंच माणूस असतं. त्यामुळे गडमंदिराच्या आधी या दोन देवळांसाठी तासभर राखून ठेवला आहे. आत अंधार असतो, विजेरी आणावी. शिलालेखाला हात लावू नये, त्यावर पाणी किंवा खडू तर अजिबात नको. जेवण त्यानंतर अंबाळ्यावर. मनसरला ऊन कलल्यावर जाऊ, तेव्हा विटांचे थर नीट दिसतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्या सर आणि बाईंसाठी गाडी वरपर्यंत जाते, तशी सोय केली आहे. बस सकाळी ७ वाजता शाळेच्या फाटकापासून सुटेल, आणि या वेळी प्रार्थनेला उशिरा येणाऱ्यांसाठी थांबणार नाही.